गोळ्यांचाही उपवास

बुधवार, १७ जानेवारी १९७९

आले ते: लोखंडी कॉट दोन, १९० रु. औषधांचे पत्र्याचे कपाट देवराज मोहल्ल्यातून, कुलूप आणि दोन किल्ल्यांसह १६५ (२१० सांगत होता). वजनकाटा जुना, ८०. थर्मामीटर दोन, ९. जाड वह्या सहा, १५. जटकावाला, म्हणजे इकडचा टांगेवाला, ४. पावत्या खिळ्याला लावल्या.

सोमवारपासून घर सुरू. कोर्टाचे पत्र तिसऱ्यांदा वाचले. अटी इथेही उतरवते म्हणजे डोक्यात राहतील. ज्या बायकांचा खटला अजून उभा राहायचा आहे, गुन्हा लहान, जामीन द्यायला कोणी नाही, आणि डॉक्टरची गरज आहे, त्यांना तुरुंगाऐवजी आमच्या महिला समाजाच्या घरात ठेवायचे. एका वेळी सहा जणी. रोज औषध, रोज नोंद. शहराच्या हद्दीबाहेर पाऊल नाही. पंधरवड्याला अहवाल, त्यावर देखरेख करणाऱ्या बाईची सही. म्हणजे माझी. अट मोडली की ती बाई तुरुंगात.

हाताखाली तिघे. डॉ. रामण्णा, मनाच्या आजारांचे, मंगळवारी-शुक्रवारी येणार. सिस्टर फिलोमिना, घरातच राहणार. आणि निर्मला, समाजसेवेची डिग्री घेतलेली, बायकांशी बोलून त्यांची माहिती लिहिणार. निर्मला आपल्यातलीच, पण मराठी म्हणजे अर्धे कन्नड.

हे म्हणाले, "डॉक्टर, नर्स, डिग्रीवाली, आणि वर मॅट्रिक! चालायचं कसं?"
म्हटले, "दूधवाला, मोलकरीण आणि तुम्ही, तिघांना वीस वर्षं चालवलं."
पेपर वर धरला. हसत असणार.

सोमवार, २२ जानेवारी

पहिल्या दोघी आल्या. एकीवर भांडी चोरल्याचा आळ. तिला फिट्स येतात. दुसरी गौरम्मा, हूटगळ्ळीकडची, वय तीसच्या आतबाहेर, उदबत्त्या वळायची. नवरा सोडून गेला. गेल्या महिन्यात तळ्यात उडी घेतली, गुराख्यांनी ओढून काढली. जीव द्यायला गेली म्हणून गुन्हा. वाचली म्हणून आरोपी. कायदाच तसा. जामिनाला कोणी नाही. बारा दिवस तुरुंगात काढून आली. तिथे झोपली नाही म्हणे, भिंतीशी बोलत बसायची.

डॉक्टर आज मुद्दाम आले. सकाळी एक गोळी, झोपताना दोन. सिस्टरला म्हणाले, "एक दिवस चुकता कामा नये. ही गोळी म्हणजे भिंतीचा टेकू. काढला की लगेच नाही पडत, चार दिवसांनी पडते."

मी तिथेच उभी होते. टेकूचे बोलणे पटले. हे लिहून ठेवते आहे.

बुधवार, २४ जानेवारी. एकादशी

अंग कणकणत होते तरी समाजाच्या घरी गेले. सिस्टरने थर्मामीटर लावून पाहिला, ताप १०१. गोळी पुढे केली. म्हटले, "आज एकादशी. आज नको, उद्या घेईन."
"अम्मा, औषध आहे."
"असू दे. देव बघून घेईल."
तिने गोळी परत बाटलीत टाकली आणि मान लववली. ख्रिश्चन असून किती मान राखते. बाई गुणी आहे.

मंगळवार, ३० जानेवारी

ताप गेला. भांडण उभे राहिले.

निर्मला आणि सिस्टर एकाच वहीवर. निर्मलाने सिस्टरच्या नोंदीखाली पेन्सिलीने लिहिले, 'पेशंट उदास का आहे याचा विचार केलेला नाही.' सिस्टरने त्याच्याखाली शाईने, 'पेशंट उदास नव्हती. झोपली होती.'

दोघी माझ्यासमोर. निर्मला, "काकू, ही फक्त ताप आणि झोप बरिते. मनाचं काहीच नाही!" (बरिते म्हणजे लिहिते.) सिस्टरने टोपी सरळ केली.

दोन सुनांची एक चूल कधी चालली आहे? वह्या वेगळ्या केल्या. लाल पुठ्ठ्याची सिस्टरची: गोळी, झोप, जेवण, वजन. हिरवी निर्मलाची: काय बोलली, कोण भेटायला आले. दोन्ही रोज संध्याकाळी मी वाचून सही करायची. डॉक्टरांना विचारले तर म्हणाले, "उत्तम. हॉस्पिटलात आम्हाला हे सुचायला आठ वर्षं लागली."

ते स्वतः मात्र पाऊण तास उशिरा आले होते. तेही सांगितले. कान पकडले त्यांनी, खरेच.

सोमवार, ५ फेब्रुवारी

पहिला अहवाल कोर्टात पोचला.

गौरम्मा सहा तास झोपते. वजन दीड किलो वाढले. तिची आई कालच्या रविवारी येऊन गेली, येताना कोळशाची भुकटी आणि काड्या घेऊन आली, आता पडवीत दोघी-तिघी उदबत्त्या वळतात. आज मला म्हणाली, "अम्मा, तुमचं कुंकू वाकडं आहे." आणि हसली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा स्वतःहून बोलली. घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

घरात आता पाच जणी. बायकाच म्हणाल्या, उपवासाचे दिवस कळत नाहीत, इथे पंचांग नाही. स्वयंपाकघरात फळा लावला, माझ्या हाताने कन्नडात लिहिले. या महिन्यात योग आहे: २३ एकादशी, २४ शनिप्रदोष, २५ महाशिवरात्र, २६ सोमवती अमावस्या. चार दिवस ओळीने. खाली लिहिले, 'उपवासाच्या दिवशी फळ आणि दूध सोडून तोंडात काही घालू नये.' ज्यांना जमेल त्यांनीच, सक्ती नाही, असे तोंडी सांगितले. गौरम्माने चारही धरायचे ठरवले. तळ्यात उडी घेतली त्याचे पाप आहे म्हणते. म्हटले, कर बाई, मनाला बरे वाटेल.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी. एकादशी

डॉक्टर नाहीत, पुतणीच्या लग्नाला बेंगळूरला, बुधवारी येणार. सगळे शांत आहे, म्हणून मीही हरकत घेतली नाही.

घरात भजन. सिस्टरही मागे बसली होती, तिच्या जपमाळेसह. कोणाचा देव कोणाला अडवत नव्हता. फार समाधान वाटले.

सोमवार, २६ फेब्रुवारी

लाल वही वाचली. चारही दिवस गौरम्माच्या ओळीत सिस्टरने इंग्रजीत F लिहिले आहे, फास्टिंगचे. चार F. बाईने चारही उपवास पाळले! सही केली. शेजारी 'छान' असे लिहिले.

सिस्टर म्हणाली, "अम्मा, गौरम्मा तीन दिवस झोपली नाही. फार बोलते." म्हटले, "शिवरात्रीचं जागरण, त्यात पोटात काही नाही. उद्या भात खाईल, येईल झोप." सिस्टर अजून काही बोलणार होती असे वाटले. मला घरी पुरणाचे बघायचे होते.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

सकाळी गौरम्मा नाही.

मागचे दार उघडे. कॉटवर पांघरूण नीट घडी करून. निर्मला सायकलवर बसस्टँडला, सिस्टर तळ्याकडे. तळ्याकडे म्हटल्यावर कोणीच कोणाकडे बघितले नाही. मी दारात. रामरक्षा म्हणायला लागले, दुसऱ्या श्लोकाला अडले. तीस वर्षे पाठ आहे, शब्द सुचेना.

सिस्टर अकराला आली. पायाला चिखल. "तळ्यावर कोणी नाही. दोनदा फेरी मारली." आणि तिथेच पायरीवर बसली.

दिवेलागणीपर्यंत वाट पाहून पोलिसांना कळवायचे ठरले. साडेपाचला गौरम्मा चालत आली. ओल्या साडीत मातीत लोळल्यासारखी, पुढून पूर्ण माखलेली, कपाळभर विभूती, हातात प्रसादाची पुडी. डोळे चकाकत होते.

"कुठे होतीस?"
"होगि बंदे, अम्मा. जाऊन आले, बस्स. नंजनगूडला. लोटांगणाच्या प्रदक्षिणेचा नवस बोलले होते."
"विचारायचं तरी!"
"इथला डॉक्टर येईना. गोळी पण बंद झाली. तिथला शंकर, नंजुंडेश्वर, मोठा डॉक्टर ना, त्याच्याकडे गेले."

म्हटले, गोळी बंद? कुणी बंद केली?

तिने स्वयंपाकघराकडे बोट केले. फळ्याकडे.

सिस्टरला विचारले. "फळ आणि दूध सोडून काही नाही, असं तुम्हीच लिहिलं ना, अम्मा? आमच्यात उपवासाला औषध चालतं. तुमच्यात चालत नाही, हे तुमच्या तापात पाहिलं होतं. मी रोज वहीत लिहिलं. तुम्ही रोज सही केली. काल 'छान' लिहिलं."

F म्हणजे गोळीचाही उपवास होता. फिट्सवालीने उपवास धरला नव्हता, म्हणून तिच्या गोळ्या चालू होत्या. नाहीतर काय झाले असते, ते लिहीत नाही.

गौरम्मा जिवंत आहे. एवढे आज पुरे. गोळी माझ्यासमोर दिली, प्रसादाआधी.

बुधवार, २८ फेब्रुवारी

डॉक्टर आले. वही उघडली, चार F पाहिले, चष्मा काढला. ओरडतील असे वाटले होते. ओरडले असते तर बरे झाले असते.

"पद्माबाई, गोळी द्यायची की नाही हे कोणी ठरवायचं?"
"तुम्ही."
"मग फळ्यानं कसं ठरवलं?"

मग तेच म्हणाले, "मीही बदली डॉक्टर ठेवला नाही. पाच दिवस. माझंही लिहा."

गौरम्मा चार तास झोपली. पुन्हा रुळावर येईल म्हणतात, दहा-बारा दिवस लागतील. पण इथे राहिली तर. तुरुंगात गेली तर ते सांगू शकत नाहीत. नंजनगूड शहराबाहेर, म्हणजे हद्द ओलांडली आहे. अट मोडली आहे.

गुरुवार, १ मार्च

समाजाची बैठक. अध्यक्षबाई म्हणाल्या, "परत आली ना? मग नंजनगूड कोणाला कळायचं आहे? नर्सची चूक, नर्स बदलू. अहवालात 'कर्मचारी बदलला' इतकंच. संस्थेचं नाव जपायला हवं, पद्माबाई."

मी कॉफी ओतत होते. सगळ्यांच्या पेल्यांत ओतून झाली तरी बोलले नाही.

सिस्टर दाराशीच उभी होती. सगळे ऐकले. आत येऊन कपाटाच्या दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मला म्हणाली, "मी विचारायला हवं होतं, अम्मा." दुपारच्या बसने कोळ्ळेगाळला आईकडे गेली.

तिने मला बोल लावला असता तर मी काहीतरी उत्तर दिले असते.

शुक्रवार, २ मार्च

अहवालाचा मसुदा केला. 'कर्मचाऱ्याच्या गैरसमजामुळे चार दिवस औषध चुकले.' नंजनगूड नाही. ह्यांना शुद्धलेखन बघायला दिला.

वाचून म्हणाले, "गैरसमज कुणाचा?"
"सिस्टरचा."
"असं का." आणि कागद परत दिला. शुद्धलेखनाची एकही चूक काढली नाही. एरवी पाच काढतात.

कागद पाठकोरा होता, तरी फाडला.

शनिवार, ३ मार्च

नवा अहवाल. फळा मी लिहिला. ताप असताना औषध नाकारून नर्सला चुकीचा धडा मीच दिला. वहीवर मीच सही केली. तीन दिवस झोप नाही, असे नर्सने सांगितले तेव्हा मी ऐकले नाही. बाई नंजनगूडला जाऊन स्वतःहून परत आली. डॉक्टरांनी सांगितले म्हणून त्यांचेही एक वाक्य. दीड पान.

आधी अध्यक्षबाईंकडे नेऊन दाखवला, पाठीमागून नको. त्या म्हणाल्या, "हे दिलंत तर तुम्हाला काढतील. कदाचित घरही बंद करतील. पाच बायका जातील तुरुंगात, तुमच्या खरेपणापायी."

हे मला सुचले नव्हते. तरी म्हटले, "पुढच्या वेळी सही माझीच असणार ना, आणि ती कोर्टाने खरी मानायची ना?" त्यांनी चहा दिला.

देवाला म्हटले, मागणे काही नाही, तोंड उघडायची बुद्धी टिकू दे.

सोमवार, ५ मार्च

कोर्ट. गौरम्मा, डॉक्टर, मी. दीड वाजेपर्यंत बाकावर. गौरम्मा माझ्या पदराचे टोक धरून होती, लहान मूल धरते तसे. तिला सांगितले होते, तुरुंग होऊ शकतो. ती म्हणाली, "तिथे गोळी देतात का?"

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी दीड पान वाचले. मग परत पहिल्यापासून वाचले.

"तुम्ही स्वतःविरुद्धच फिर्याद लिहिली आहे."
"होय साहेब."
"पळाली असं का नाही म्हटलं?"
"पळाली नाही. जाऊन आली."

मागे कोणीतरी हसले. साहेब हसले नाहीत, पण पेन खाली ठेवले. गौरम्माला विचारले, परत का आलीस? ती म्हणाली, "उदबत्त्या उन्हात टाकल्या होत्या. संध्याकाळी उचलायच्या असतात."

हुकूम: गौरम्माने याच घरात राहावे. हद्दीची ताकीद, पुन्हा झाले तर माफी नाही. औषधाबाबत डॉक्टरांखेरीज कोणाचाही शब्द चालणार नाही, देखरेखीच्या बाईचाही नाही. आणि १९ तारखेच्या आत प्रशिक्षित नर्स घरात राहायला पाहिजे. तोवर दिवसापुरती सोय चालेल. १९ ला नर्स नसली तर गौरम्माला आणि फिट्सवालीला परत तुरुंगात पाठवावे.

मला काढले नाही.

बाहेर येऊन नळावर तोंड धुतले, तरी डोळे वाहतच होते. डॉक्टर म्हणाले, "अय्यो पद्माबाई, आता कशाला?" म्हटले, आताच. आधी वेळ कुठे होता. गौरम्माने मोगऱ्याचा गजरा मागितला, घेतला. एक नाही, दोन.

बुधवार, ७ मार्च

फळा पुसला. नवा मजकूर डॉक्टरांकडून लिहून घेतला: उपवास कोणताही असो, गोळी चालूच. तो त्यांच्याच अक्षरात. मी फक्त खिळा ठोकला.

आमच्या गल्लीतल्या भटजींना विचारले. ते म्हणाले, "औषधाने उपवास मोडत नाही, हे कोणी सांगायला हवं का?" मला हवे होते. पन्नाशीला आले.

हॉस्पिटलातून एक नर्स दिवसा येते. चांगली आहे, पण रात्री राहणार नाही, घरी लहान मूल आहे. दोन ठिकाणी चौकशी केली. एकीने नकार, दुसरीचे उत्तर नाही. निर्मला स्वतःहून म्हणाली, "काकू, सिस्टरना बोलवा. ती सुमने, उगाच, ताप-झोप लिहायची नाही, ती बघायची. मला आता कळतं." लाल वही तीच भरते सध्या, सिस्टरसारखी, शाईने.

गौरम्मा काल पाच तास झोपली. बोलणे कमी झाले. आज मला पुन्हा सांगितले, कुंकू वाकडे आहे. आरशात पाहिले तर सरळ होते. थट्टा करत होती! किती हलके वाटले, काय सांगू.

शुक्रवार, ९ मार्च

अध्यक्षबाईंकडे गेले. म्हटले, सिस्टरला बोलावते, माझ्या नावाने. त्या म्हणाल्या, "आली तर तिची माफी कोण मागणार?" म्हटले, मी. "मग मला हरकत नाही. माझीही सांगा." एवढे त्या म्हणतील असे वाटले नव्हते.

पत्र कन्नडात गेले. इथे आपल्या भाषेत उतरवून ठेवते:

सौ. नाही, कुमारी नाही, काय लिहायचे कळत नाही, म्हणून सिस्टर फिलोमिना यांस,

तुम्ही किल्ल्या ठेवून गेलात त्या दिवशी मी कॉफी ओतत राहिले. बोलायला हवे होते. चूक माझी होती आणि खोलीत ती फक्त आपल्या दोघींना नीट माहीत होती. आता कोर्टाला माहीत आहे. अहवालात तुमच्या नावापुढे चूक लिहिलेली नाही. अध्यक्षबाईंनीही माफी सांगितली आहे.

तुम्ही म्हणालात, विचारायला हवे होते. खरे आहे. पण मी विचारण्यासारखी राहिले नव्हते, हेही खरे आहे. तुम्ही आलात तर असे ठरवू: कपाटाच्या दोन्ही किल्ल्या तुमच्याकडे. औषधाबद्दल मी तोंड उघडले तर तोंडावर नाही म्हणायचे, सगळ्यांसमोर म्हटले तरी चालेल. मला ऐकायची सवय नाही. लागेल.

गौरम्मा बरी आहे, पाच तास झोपते. साहेबांनी तिला इथे राहू दिले. १९ तारखेच्या आत राहणारी नर्स मिळाली नाही तर ती परत जाईल, फिट्सवालीही. हे लिहावे की नाही, याचा दोन दिवस विचार केला. लिहिले तर तुमच्यावर ओझे, न लिहिले तर पुन्हा लपवणे. म्हणून लिहिते. पण तिच्यासाठी या, असे म्हणत नाही. तुमचे मन असेल तर या. नसेल तर तेही मोकळेपणाने लिहा, मी वाईट वाटून घेणार नाही. घेतले तर तो माझा प्रश्न.

आईंना नमस्कार. सोबत तिकीट लावलेला लिफाफा ठेवला आहे. येता की नाही, ते उलट टपाली कळवा.